एक नंबर मोठा घ्या, पण टाचेचं काय?
‘पळायचा बूट सरळ एक नंबर मोठा घ्या’ असा सल्ला मिळतो, तो मला अर्धाच पटतो. अंगठ्यापुढं बोटभर जागा हवीच, पण टाच आत सरकायला लागली की फोड आलेच म्हणून समजा. लातूरला पोलीस भरतीच्या १६०० मीटरची तयारी करताना मी सकाळी सकाळी जाऊन अगदी फिट्ट बसणारा जोड आणला. दिवसभरात पाय थोडे सुजतात, हे कुठं माहीत होतं! महिन्याभरात अंगठ्याचं नख काळंनिळं.

आता बूट घ्यायला संध्याकाळीच जातो, पळायचे मोजे खिशात घालून. आणि घोट्याजवळचं ते शेवटचं जादा भोक सगळे रिकामं सोडतात ना, तिथं दोन्हीकडं नाडीची छोटी कडी करायची अन् समोरच्या बाजूची नाडी तिच्यातून ओवून आवळायची. टाच जागची हलत नाही. मुरमाच्या मैदानावर फरक लगेच कळतो. (पावसाळ्यात काळ्या रानातून पळाल तर मात्र कुठलाही बूट किलोभर चिखल घेऊनच घरी येतो.)