मदत हवी आहे: मुलाचे पुढचे दात किडलेत, सासूबाईंना उष्ट्याचं कसं सांगू?

बोरीकाठ:
नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातली. मुलगा पुढच्या महिन्यात पावणेतीन वर्षांचा होईल. जरा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय माझी अडचण कळणार नाही.

दिवाळीच्या आधी अंघोळ घालताना तो जोरात रडला. वरचा ओठ वर गेला आणि मला दिसलं, वरच्या चारही दातांवर हिरडीला लागून तपकिरी पट्टा. मधल्या एका दाताला कडेने खळगा पडलाय, नख लावलं तर पापुद्रा निघतो. आता आठवतंय, दीड वर्षाचा असताना तिथेच खडूसारखी पांढरी रेघ होती. मी दूध सुकलंय समजून ओल्या फडक्याने पुसली. निघाली नाही, आणि मी ते विसरूनही गेले. त्याचं रोज वाईट वाटतं. खालचे पुढचे दात मात्र चांगले आहेत, हेही मला समजत नाही.

सध्या कापसाची वेचणी आहे. आम्ही दोघं सकाळीच शेतात जातो, तो दिवसभर सासूबाईंकडे असतो. त्यांचा त्याच्यावर फार जीव. कळण्याची भाकरी त्याला चावत नाही म्हणून स्वतः चावून, मऊ करून भरवतात. वरणाचा चमचा आधी स्वतःच्या जिभेला लावून बघतात. तो किरकिर करायला लागला की चहात टोस्ट बुडवून देतात, असं तीन-चारदा होतं. रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली लागते, ती मीच देते. बाटली तोंडात असतानाच झोपतो. सासूबाईंच्या निम्म्या दाढा किडलेल्या आहेत, मिसरी लावतात. माझ्याही दोन दाढांना खड्डे आहेत.

तालुक्याला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, कीड लावणारे जंतू मोठ्यांच्या तोंडातून मुलांकडे जातात, उष्टं बंद करा. मी त्याच रात्री जेवताना, सगळ्यांसमोर, ते जसंच्या तसं सांगितलं. सासूबाईंच्या हातात घास होता. तो त्यांनी ताटात ठेवला आणि म्हणाल्या, "मी नातूले इख चारं का मंग?" त्याला आता आठ दिवस झाले, त्यांनी त्याला भरवलेलं नाही. तो ताटाजवळ जाऊन तोंड उघडून उभा राहतो, त्या माझ्याकडे बघतात आणि मान फिरवतात. मला रात्री झोप लागत नाही.

उपचाराचंही कळत नाही. एक डॉक्टर म्हणतात दुधाचे दात आहेत, पडतील, सोडून द्या. दुसरे म्हणतात भूल देऊन चारही दातांचं रूट कॅनल करा आणि टोप्या बसवा. शेजारच्या काकू म्हणतात रिंगणीच्या बियांचा धूर दे, किडा बाहेर पडतो. त्यांच्या बहिणीने वाटीत पडलेले पांढरे किडे स्वतः पाहिलेत म्हणे.

काय करू? आणि सासूबाईंशी कसं बोलू? कृपया अनुभव असलेल्यांनी सांगा.

पांझराकाठ:
धूर अजिबात देऊ नका. ते पांढरं दिसतं ते रिंगणीच्या बीमधलंच असतं, उष्णतेने बाहेर येतं. माझ्या आजीकडे हेच केलं होतं. दाढ तशीच राहिली आणि गाल भाजला. दातात अळी नसतेच. "किडला" हा शब्द आपल्या तोंडात बसलाय, म्हणून किडा शोधत बसतो आपण.

दातांचीताई:
मी लहान मुलांच्या दातांचं काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.

डॉक्टर चूक बोलले नाहीत, पण अर्धंच सांगितलं. बाळ जन्मतं तेव्हा तोंडात कीड लावणारे जंतू नसतात. दात यायला लागले की त्यांना चिकटायला टणक जागा मिळते आणि ते घरातल्यांच्या लाळेतून येतात. बहुतेक वेळा आईकडून, कारण तीच सगळ्यात जवळ असते. त्यातल्या मुख्य जंतूचं नाव स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. क्लार्क नावाच्या इंग्रज डॉक्टरने १९२४ साली त्याचं वर्णन केलं. तो साखरेपासून चिकट थर बनवतो, त्या थराखाली आम्ल तयार करतो, आणि आम्लाने दाताचं वरचं कवच झिजतं. तुमची ती पांढरी रेघ म्हणजे कवचातलं कॅल्शियम निघायला लागल्याची पहिली खूण होती. त्या वेळी फ्लोराइड मिळालं असतं तर ती भरून येऊ शकली असती. पण ती रेघ ओळखणाऱ्या आया मला फार थोड्या भेटतात, म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

खालचे दात का वाचले, तर बाटली चोखताना जीभ खालच्या दातांवर पसरते आणि तिथे लाळही भरपूर असते. दूध साचतं ते वरच्या दातांवर. आणि झोपेत लाळ कमी होते. एरवी खाल्ल्यावर साधारण अर्ध्या तासात लाळ तोंडातलं आम्ल धुऊन काढते, पण बाटलीवर झोपलेल्या मुलाच्या दातांना रात्रभर ती सोय नसते. दिवसा दर दोन तासांनी गोड चहा-टोस्ट असेल तर तेच. साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली, याला जास्त महत्त्व आहे.

आता उष्ट्याचं. त्याच्या तोंडात जंतू येऊन गेलेत. आज उष्टं बंद केलं म्हणून ते परत जाणार नाहीत. चमचे वेगळे करा, चांगलंच आहे. पण त्यापायी आजीचा हात तोडू नका. त्यापेक्षा रात्रीची बाटली, साखर आणि ब्रश यांच्या मागे लागा.

बाटली एकदम बंद केली तर तो रडून घर डोक्यावर घेईल. आधी साखर काढा, मग रोज थोडं दूध कमी आणि पाणी जास्त. दोनेक आठवड्यांत नुसतं पाणी उरतं आणि त्याचा त्यालाच कंटाळा येतो. पेस्ट घेताना खोक्यावर फ्लोराइड १००० पीपीएम लिहिलेलं पाहा, काही आयुर्वेदिक पेस्टमध्ये ते नसतं. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी. डोकं मांडीवर घेऊन, ओठ बोटाने वर करून घासा. सात-आठ वर्षांचा होईपर्यंत मोठ्यांनीच घासायचे. रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही द्यायचं नाही.

"पडतील" म्हणून सोडू नका. पुढचे दात सहा-आठ वर्षांपर्यंत लागतात, मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारापर्यंत. खाली पक्के दात तयार होत असतात, वरचा पू त्यांनाही बाधतो. कीड नसेपर्यंत गेली नसेल तर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचं पातळ औषध मिळेल का, विचारून पाहा. इंजेक्शन नाही, ब्रशने मिनिटभरात लावतात, कीड बरेचदा थांबते. किडलेला भाग मात्र कायमचा काळा होतो, हे घरी आधीच सांगून ठेवा. नसेपर्यंत गेली असेल तर रूट कॅनल किंवा दात काढणं, हे तपासूनच ठरतं. गालावर सूज, हिरडीवर पुटकुळी किंवा ताप आला तर थांबू नका. धुळ्याला डेंटल कॉलेज आहे, तिथे दाखवा. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं, ते दातही बघतात, त्यांनाही सांगा. आणि तुमच्या व सासूबाईंच्या दाढा भरून घ्या. मिसरी मुलाच्या दाताला चुकूनही लावू देऊ नका, ती तंबाखू आहे.

पांझराकाठ:
सासूबाईंना काम द्या. आमच्याकडे घासायचं काम आजीकडेच दिलं. माझ्याकडून तोंड न उघडणारी पोर तिच्या मांडीवर गुपचूप पडते.

बोरीकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. परवा रात्री सासूबाईंजवळ बसले, माफी मागितली. म्हटलं, जंतू माझ्याकडूनही आले असतील, माझ्याही दाढा किडल्यात, आणि बाटली तर मीच देत होते. त्या काही बोलल्या नाहीत. मी त्याला मांडीवर घेऊन ब्रश करायला लागले, तो तोंड घट्ट मिटून लाथा मारत होता. शेवटी त्यांनीच हात पुढे केला. "दे मनाकडे, मी घसस." दिव्याखाली त्याचं डोकं मांडीवर घेतलं, बोटाने ओठ वर केला आणि एकेक दात मोजत घासले. मोजता मोजता काळ्या खळग्याशी थांबल्या, बराच वेळ बघत राहिल्या. सकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने भाकरी वरणात कुस्करून त्याला चमच्याने भरवली.

बाटलीत आता अर्धं पाणी आहे. शनिवारी धुळ्याला जातोय, सासूबाईही येताहेत, दाढ दाखवायला. तिथे केसपेपर किती वाजेपर्यंत निघतो, कुणाला माहीत असेल तर सांगा, म्हणजे कोणती बस धरायची ते ठरवता येईल.