मदत हवी आहे: घरदुरुस्तीसाठी दरवर्षी किती पैसे बाजूला काढायचे? (दोन घरं, दोन वेगळी हवामानं)

वळणवाट
जरा लवकर उत्तरं द्या प्लीज, रविवारी भाऊ येतोय आणि बसून आकडा ठरवायचाय. आईबाबांचं घर आणि आमचं घर, दोन्हीचा दुरुस्तीखर्च आम्ही भावंडं मिळून बघतो. आतापर्यंत काही बिघडलं की ज्याच्या हाताशी पैसे असतील तो देणार असं चाललं होतं पण आता एकामागोमाग एक निघतंय, आधी गच्ची गळायला लागली, मग गिझर गेला, आता एसीवाला म्हणतो कॉइल संपली, आणि आईबाबा बिचारे आम्हाला खर्च नको म्हणून निम्म्या गोष्टी सांगतच नाहीत. भावाचं म्हणणं दोन्ही घरांना सारखी टक्केवारी लावू. मला ते पटत नाहीये कारण दोन्हीकडची हवा अगदी वेगळी आहे. तर वर्षाला किती टक्के धरायचे? नेट आकडा सांगा.

हिशेबी
सोपं आहे. घराच्या किमतीच्या १ टक्का दरवर्षी. घर जुनं असेल तर २ किंवा ३ धरा. वेगळं खातं उघडा आणि पगार झाला की आधी तिकडे वळते करा. झालं.

साइटवाला
हिशेबीभाऊ, हा १ टक्क्याचा नियम अमेरिकेत फार चालतो, पण तिकडचेच लोक त्याच्यावर नाराज असतात, का ते सांगतो. घराच्या किमतीत जमीन पण येते. जागा महागाची असेल तर किंमत तिप्पट होते, पण गच्ची तेवढीच, पाइप तेवढेच, वायरिंग तेवढंच. जमिनीला गंज चढत नाही. आणि उलट, स्वस्त जागेतलं घर खाऱ्या हवेत असेल तर टक्क्यात हिशेब करणारा हमखास तोंडावर पडतो.
वळणवाट, घरं कुठल्या हवेत आहेत? किती जुनी? फ्लॅट की स्वतंत्र?

वळणवाट
आईबाबांचं समुद्राजवळ, आमचं आत कोरड्या भागात. बाकी घरं नेहमीसारखीच आहेत. आकडा सांगाल का कोणी?

खिडकीतली_चिमणी
नेहमीसारखी म्हणजे काय गं, सांगितल्याशिवाय कसं कळणार? फ्लॅट असेल तर गच्ची, बाहेरचा रंग, लिफ्ट, पंप हे सगळ्यांचं मिळून असतं, तुझ्या डोक्यावर फक्त आतलं. स्वतंत्र घर असेल तर सगळं तुझंच. या एका गोष्टीने आकडा कुठल्या कुठे जातो.

दूरदेशी
आमच्याकडे सहा महिने बर्फ असतो त्यामुळे आमचं गणितच निराळं. फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, १५ ते २० वर्षं जाते, शिंगलचं (पातळ कौलांसारख्या तुकड्यांचं) छप्पर साधारण २० वर्षं, आणि हिवाळ्यात घर बंद ठेवून बाहेरगावी जायचं असेल तर पाइपातलं पाणी काढूनच निघायचं. पाणी गोठलं की जवळजवळ ९ टक्के फुगतं आणि पाइप फाटतो, बर्फ वितळेपर्यंत कळतही नाही. नळ नीट बंद करून जा सगळ्यांनी.

खिडकीतली_चिमणी
दूरदेशी, माहिती छान आहे पण तिच्याकडे समुद्र आहे, बर्फ नाही.

पाणकळा
मी एकच सांगेन, गच्चीवर पत्र्याची शेड मारा. वॉटरप्रूफिंगवाले दर ५-७ वर्षांनी येऊन तेच तेच करून जातात. आम्ही शेड मारली आणि गळतीचं नाव नाही, वरची खोलीही गार राहते.

साइटवाला
शेड वाईट नाही, परवानगी लागते का ते आधी बघा, पण समुद्राजवळ साधा जस्ती पत्रा आणि त्याचे स्क्रू किती टिकतात ते तिथे राहणाऱ्यांना विचारा. आधी स्क्रूच्या भोवती तांबडं वर्तुळ दिसतं, मग तिथूनच भोक पडतं. वारा जोराचा असेल तर शेड धरून ठेवणारे अँकर बोल्ट पण भक्कम लागतात. म्हणजे पत्रा पण बदलायच्या यादीत येतो, एकदा खर्च केला की सुटलो असं नाही.

पाणकळा
तुम्हाला सगळ्यातच खोट दिसते. आमची शेड उत्तम आहे.

साइटवाला
तुमची असेल हो, तुमचं घर समुद्रापासून किती लांब आहे तेही सांगा ना.

पाणकळा
लांब आहे. पण मुद्दा गळतीचा होता.

वळणवाट
भांडू नका प्लीज. दोन्ही स्वतंत्र घरं आहेत. आईबाबांचं तिशीच्या पुढचं, आमचं बारा वर्षांचं. आमच्याकडे बोअरचं पाणी, नळांवर पांढरं साचतं. आणि आईबाबांच्या बाल्कनीच्या खालच्या बाजूचं प्लास्टर एका ठिकाणी पडलंय, आतली सळई दिसते, त्याला पुट्टी लावून रंग मारून घेतला तर किती वर्षं जातील?

साइटवाला
अहो हे सगळ्यात आधी सांगायचं! पुट्टी अजिबात लावू नका.
नीट वाचा. काँक्रीट चांगलं असतं तोवर ते आतल्या सळईला जपतं, कारण त्यातला अल्कलीपणा भरपूर असतो, पीएच (आम्ल-अल्कली मोजायचं माप) १२ च्या वर. समुद्राच्या हवेतलं मीठ हळूहळू आत मुरतं आणि सळईवरचं ते संरक्षण मोडतं, मग गंज सुरू. गंजाला मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा लागते, त्यामुळे काँक्रीट आतून ढकललं जातं. आधी सळईच्या रेषेत बारीक तडा येतो, मग तपकिरी ओघळ, मग पोपडा सुटून पडतो. तुमच्याकडे तिसरी पायरी आलेली आहे. पुट्टीने फक्त दिसायचं बंद होईल, गंज आत चालूच राहणार. एक काम करा, लाकडी दांडा घेऊन बाजूला उभं राहून बाल्कनीच्या खालच्या बाजूला हलकं ठोकून बघा, चांगलं काँक्रीट टणटण वाजतं आणि सुटलेलं भद्द वाजतं. डोक्यावर पडेल असं उभं राहू नका. आणि जिथे जिथे भद्द वाजतं तिथे खडूने खूण करा.

हिशेबी
ठीक आहे, जमिनीचा मुद्दा मान्य. पण सुरुवात कुठून तरी करायला लागते, टक्का नसेल तर लोक काहीच काढून ठेवत नाहीत हे मी बघितलंय. तरी जास्त बरोबर हिशेब हवा असेल तर असा करा, प्रत्येक वस्तू वेगळी लिहा, आज बदलायला किती लागेल ते लिहा आणि तिची उरलेली वर्षं लिहा. भागाकार केला की वर्षाचा आकडा. समजा गिझर बदलायला १०० लागतात आणि तो १० वर्षं टिकतो, तर नवा असताना वर्षाला १० पुरतात. पण ६ वर्षं होऊन गेलीत आणि एक पैसा साठवला नाही, तर उरलेल्या ४ वर्षांत वर्षाला २५. जुन्या घराचा खर्च अंगावर येतो तो यामुळे. शिवाय महागाई ६ टक्के धरली तर १२ वर्षांत खर्च दुप्पट, म्हणून दरवर्षी यादीतले भाव नव्याने विचारून घ्या.

खिडकीतली_चिमणी
हे बरोबर. आणि उरलेली वर्षं घरोघरी वेगळी. हेच तुझ्या भावाला सांग. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त, लिटरला १८० मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते फार जड पाणी. पाणी तापलं की क्षार गिझरच्या एलिमेंटवर, म्हणजे पाणी तापवणाऱ्या नळीवर, बसतात, गिझर वीज जास्त खातो आणि एलिमेंट लवकर जळतं. टाकीवाला गिझर ८ ते १२ वर्षं म्हणतात पण तुमच्याकडे कमी धर. आत अ‍ॅनोड रॉड असतो, तो स्वतः झिजून टाकी वाचवतो, तो वेळेवर बदलला तर टाकी पुष्कळ टिकते. सर्व्हिसिंगवाले आपणहून विचारत नाहीत, आपण मागायचा.

दूरदेशी
इन्व्हर्टर आहे का? गरम भागात बॅटरीकडे पण बघा. लेड अ‍ॅसिडची बॅटरी २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मं आयुष्य गमावते असा ठोकताळा आहे. गच्चीच्या जिन्यात उन्हात ठेवली असेल तर घरात सावलीत आणा, पण हवा खेळती हवी.

वळणवाट
जिन्यातच आहे 😟 बघते. पण मग समुद्राजवळच्या घरी एसीचं काय? तीन वर्षांत कॉइल गेली, कंपनीवर केस करू का?

गुणाकार
केसचं सोडा, घराचा विमा काढा, सगळं भरून मिळतं.

हिशेबी
नाही मिळत. झीज, गंज, हळूहळू झालेली गळती हे सहसा विम्यात बसत नाही. आग, वादळ, पूर असल्या अचानक आलेल्या गोष्टींसाठी विमा. तो हवाच, पण दुरुस्तीच्या पैशांना पर्याय नाही.

खिडकीतली_चिमणी
केस करण्याआधी वॉरंटीचा कागद वाच. आउटडोअर युनिटमध्ये तांब्याची नळी आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या एकमेकांना लागून असतात, खारट ओलावा आला की अ‍ॅल्युमिनियम आधी जातं. पुढचा घेताना कॉइलवर कोटिंग आहे का विचार, समुद्राच्या वाऱ्याकडे तोंड नको, आणि महिन्यातून एकदा वीज बंद करून साध्या गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुवायचं. आईबाबांना जमणार नाही, ते कोणाला तरी ठरवून द्या.

वळणवाट
बरं. म्हणजे रविवारी मी दोन याद्या घेऊन बसते, वस्तूचं वय, आजचा भाव, उरलेली वर्षं. आईबाबांच्या घरी एसी, ग्रिल, गच्ची, बाहेरचा रंग यांची वर्षं कमी धरायची, आमच्याकडे गिझर, नळ आणि बॅटरीची. म्हणजे टक्का दोन्हीकडे वेगळा निघणार, हे भावाला कागदावर दाखवलं की पटेल. बाल्कनीचं पण त्याच यादीत टाकते, किती वर्षं धरू?

साइटवाला
ते यादीत नको. सळई उघडी पडलीय, त्याला वर्षं लावायची नसतात. बाल्कनीत कोणी जाऊ नका, खालीही कोणी बसू नका, आणि रविवारची वाट न बघता एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. ठेकेदाराला नंतर, आधी इंजिनिअर. तो काय म्हणाला ते इथे टाका, मग त्या कामाचे पैसे कुठून काढायचे ते बघू.