कुजणे, सडणे, रुजणे : मातीतल्या क्रियेला नेमका शब्द कोणता?

प्रश्न

बायबल-अभ्यासासाठी एक टिपण लिहीत आहे. गळलेले पान, मेलेला किडा, वाळकी काडी यांचे जमिनीत जे होते त्याकडे ख्रिस्ती श्रद्धेने कसे पाहावे, असा विषय आहे. पण शब्दाशीच अडलो. 'विघटन' कोरडे वाटते, 'सडणे' म्हटले की लोक नाक मुरडतात आणि 'नाश' म्हटले की सगळ्यांना पाप आठवते. काय वापरावे?

प्रतिसाद

'विघटन' ठेवा. शास्त्रीय आहे, वादाला जागा नाही.

प्रतिसाद

'विघटन' चूक नाही, पण त्यात फक्त तुटणे दिसते. मातीत तुटणे आणि नव्याने जुळणे एकाच वेळी चालू असते. माझे मत 'कुजणे' या शब्दाला.

शेतीच्या मराठीत हा शब्द आदराचा आहे. 'चांगले कुजलेले शेणखत', 'पाचट कुजवणे' असे आपण सहज म्हणतो. हिंदीत याच खताला 'सड़ी हुई खाद' म्हणतात. मराठी शेतकरी मात्र 'सडलेले' हे विशेषण बहुधा बिघडलेल्या मालासाठी ठेवतो. प्रत्यक्ष क्रियेतही असा फरक सापडतो. ढिगात हवा खेळती असली की जिवाणू आणि बुरशी ऑक्सिजन घेऊन काम करतात, ढीग ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, नत्र आणि स्फुरद पुन्हा मुळांना मिळण्याजोगे होतात आणि मागे काळसर ह्यूमस, म्हणजे पूर्ण कुजलेला सेंद्रिय भाग, उरतो. पाणी तुंबले, हवा कोंडली की ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू वरचढ होतात आणि हायड्रोजन सल्फाइडसारख्या वायूंची घाण सुटते. बोलताना हे दोन शब्द सगळेच काटेकोरपणे वेगळे ठेवतात असे नाही, पण टिपणात तुम्ही ठेवू शकता.

आता श्रद्धेचा भाग. कुजणे हा आदामाच्या पापानंतर आलेल्या शापाचाच परिणाम, असे अनेकांना मनोमन वाटते. त्यांनी स्तोत्र १०४ सावकाश वाचावे. देव श्वास काढून घेतो तेव्हा प्राणी मातीस मिळतात, तो आपला आत्मा पाठवतो तेव्हा नवे जीव उत्पन्न होतात आणि भूमीचा चेहरा नवा होतो. ही वचने २९ आणि ३०, लागोपाठची. हे स्तुतीचे गीत आहे, विलाप नव्हे. शिवाय उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात माणूस मातीपासून घडतो तो पतनाच्या, म्हणजे त्या पापाच्या, आधी. ज्या मातीत काही कुजलेलेच नाही तिच्यात बाग कशी वाढेल, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

प्रतिसाद

पण प्रेषितांची कृत्ये २:२७ मध्ये पवित्र पुरुषाला 'कुजण्याचा अनुभव' येणार नाही, असे आहे. म्हणजे कुजणे वाईटच ठरले ना? आणि रोमकरांस ८:२१ मध्ये सृष्टी 'नश्वरतेच्या दास्यात' आहे.

प्रतिसाद

चांगली हरकत. प्रेषितांच्या कृत्यांतच १३:३६ पाहा. दाविदाने आपल्या पिढीत देवाच्या इच्छेप्रमाणे सेवा केली, तो मेला आणि त्याचा देह कुजला. यात त्याची नालस्ती नाही. पुढच्या वचनाचा भर वेगळा आहे : देवाने ज्याला उठवले तो मात्र कुजला नाही. तिथे ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाची साक्ष आहे, गांडुळांवर आणि बुरशीवर ठपका नाही.

रोमकरांसमधला 'नश्वरता' हा शब्द मूळ ग्रीकमध्ये 'फ्थोरा' आहे. करिंथकरांस पहिल्या पत्रात (१५:४२) विनाशी पेरले जाते, अविनाशी उठवले जाते, असे म्हणताना या पत्रांचा लेखक, प्रेषित पौल, हाच शब्द वापरतो. त्याचा आवाका मोठा आहे : देहाची झीज, नीतीचा ऱ्हास, सृष्टीचे कण्हणे. तो सगळा भार एका कुजणाऱ्या पानावर टाकू नये. रोमकरांस ५:१२ मध्येही पापामुळे मरण पसरले ते 'माणसांमध्ये', असेच शब्द आहेत. ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकातच लिहिले की माणसाच्या पापाने प्राण्यांचा स्वभाव बदलला नाही, शिकारी प्राणी आधीही शिकारच करत असते. सगळ्या ख्रिस्ती परंपरांना हे मान्य नाही, तेही टिपणात सांगा.

प्रश्नकर्ता

पटले. मग योहान १२:२४ मधला गव्हाचा दाणा 'कुजतो आणि मग अंकुर फुटतो' असे लिहू का? प्रवचनात तसेच ऐकले आहे.

प्रतिसाद

कृपया लिहू नका. वचनात दाणा 'मेला' तर, असे आहे. 'कुजला' असे नाही. कुजलेले बी उगवत नाही, पेरणी वाया जाते. अति पाण्यात बियाण्याला हवा मिळाली नाही की तेच होते. उगवणाऱ्या दाण्याचे होते ते रुजणे : तो पाणी शोषतो, त्यातली विकरे (एन्झाइम) साठ्यातल्या पिष्टाची (स्टार्चची) साखर करतात, ती कोवळ्या रोपाला पुरते आणि दाणा रिता होतो. येशू आपल्या मरणाविषयी बोलत होता. स्वतःला पूर्ण देऊन टाकणे या अर्थी 'मेला' तिथे चोख बसतो.

कुजण्यासाठी दाखला हवा असेल तर लूक १३:८ घ्या. फळ न देणाऱ्या अंजिराभोवती खणून खत घालतो, आणखी एक वर्ष द्या, असे माळी धन्याला विनवतो. तिथे खत म्हणजे खरोखर शेणखतच, आणि ते दयेच्या बाजूने उभे आहे.

एक बारीक सूचना : 'मातीस मिळणे' हा प्रयोग माणसाच्या मरणासाठी राखावा, आणि 'माती होणे' तर टाळाच. मराठीत त्याचा अर्थ वाटोळे होणे असाही होतो.