साबच्या न आलेल्या गाड्या: देखावा किती, तयारी किती?

प्रश्न (गतिमान):
स्वीडनची साब ऑटोमोबाइल डिसेंबर २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिने दाखवलेल्या ईव्ही-१ (१९८५), ९-एक्स (२००१), एरो-एक्स (२००६) आणि फिनिक्स (२०११) या गाड्यांपैकी एकही विक्रीला आली नाही. यातल्या कोणत्या कल्पनेखाली खरं इंजिनिअरिंग होतं? एरो-एक्सचं विमानासारखं वर उघडणारं छप्पर रस्त्यावर चाललं असतं का? आणि २००० साली जिनिव्हात दाखवलेलं एसव्हीसी (साब व्हेरिएबल कॉम्प्रेशन) इंजिन का बारगळलं, तेही सांगा.

प्रतिसाद (दट्ट्या):
सर्वांत जास्त हळहळ एसव्हीसीचीच वाटते, म्हणून तिथूनच सुरू करतो.

टर्बो किंवा सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारी यंत्रणा) लावला की सिलिंडरमध्ये दाब वाढतो आणि इंजिन नॉक करायला लागतं, म्हणजे इंधन अवेळी पेटून ठोके बसतात. ते टाळायला कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण) कमी ठेवावा लागतो, पण मग हलक्या लोडवर, म्हणजे रोजच्या चालवण्यात, इंधन वाया जातं. साबने हा रेशोच चालू इंजिनात ८:१ ते १४:१ असा बदलता ठेवला. इंजिन १.६ लिटरचं, पाच सिलिंडरचं; सुपरचार्जरचा दाब २.८ बारपर्यंत, ताकद २२५ अश्वशक्ती आणि टॉर्क ३०५ न्यूटन-मीटर.

आकडेमोड करून बघा. एका सिलिंडरला साधारण ३२० सीसी. १४:१ साठी ज्वलनकक्ष ३२० ÷ १३, म्हणजे सुमारे २४.६ सीसी, ८:१ साठी ३२० ÷ ७, म्हणजे ४५.७. हा एकवीस सीसीचा फरक आणायला सिलिंडर आणि हेड (सिलिंडरवरचं झाकण) एकाच अखंड भागात ओतून तो भाग क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागावर, बिजागरीने बसवला होता. हायड्रॉलिक यंत्रणा तो जास्तीत जास्त ४ अंश तिरपा करी. खालच्या फटीत रबरी भाता, म्हणजे क्रँककेसमधलं तेल आणि वाफा बाहेर येणार नाहीत.

खरी डोकेदुखी इथेच आहे. हेड हललं की त्याला जोडलेला एक्झॉस्टही हलतो, म्हणून तिथे लवचीक जोड हवा. तो भाता गरम तेलात वर्षानुवर्षं टिकायला हवा. एवढी जुळवणी मोठ्या संख्येने करायची म्हणजे खर्च, आणि त्याच वर्षी साबची संपूर्ण मालकी घेतलेल्या जनरल मोटर्सने खर्चाच्याच मुद्द्यावर प्रकल्प थांबवला. पुढे निसानने बदलत्या कॉम्प्रेशनचं इंजिन विक्रीला आणलं, तेही ८:१ ते १४:१ याच पल्ल्याचं. पण त्यांनी हेड जागेवर ठेवून पिस्टनखालची जोडणी बदलली. भाताच नको! तोच मार्ग जास्त शहाणपणाचा.

प्रतिसाद (काचेपलीकडे):
एरो-एक्सचं छप्पर मूळ रूपात चाललं नसतं, असं माझं ठाम मत आहे. पुढची काच, बाजूच्या काचा आणि छप्पर मिळून एकच तुकडा, समोरचे खांब नाहीतच. त्यामुळे दृष्टी मोकळी, हे खरं. पण गाडी उलटली तर छप्पर वर उचलताच येणार नाही, म्हणजे आतल्या माणसाला सुटकेची दुसरी वाट हवी. पावसात उघडलं की सीट भिजतात. आणि काच खाली होत नाही, तेव्हा टोलनाक्यावर हात बाहेर काढायचा कसा?

इंजिनाची गोष्ट निराळी. २.८ लिटरचं व्ही-६ इंजिन साबच्याच ९-३ या गाडीत टर्बोसह विकलं जात होतंच, २५० अश्वशक्तीचं. एरो-एक्समध्ये दोन टर्बो लावून शुद्ध इथेनॉलवर ४०० काढली. मात्र शुद्ध इथेनॉलची साधारण १३ अंशांखाली पुरेशी वाफ होत नाही, त्यामुळे थंडीत इंजिन सुरू व्हायला नाखूष असतं. म्हणूनच स्वीडनमधल्या पंपावर ई८५ (८५ टक्के इथेनॉल, बाकी पेट्रोल) मिळतं आणि हिवाळ्यात त्यात पेट्रोलचा वाटा आणखी वाढवतात.

प्रतिसाद (गतिमान):
म्हणजे ई८५ वर तेच इंजिन जमलं असतं. ईव्ही-१ विजेवर चालायची का?

प्रतिसाद (दट्ट्या):
नाही, नावाने फसगत होते. ती साबच्या ९०० टर्बो या गाडीवर बेतलेली, २८५ अश्वशक्तीची पेट्रोल गाडी. काचेच्या छपरात ६६ सौरपेशी होत्या. उन्हात उभ्या गाडीतली गरम हवा बाहेर काढणारा पंखा त्या चालवत. एवढंच काम, पण काचेचं छप्पर असलेल्या गाडीत ते अगदी नेमकं.

प्रतिसाद (मागचा धुरा):
फिनिक्सबद्दल कोणी बोललं नाही, आणि उत्पादनाच्या सर्वांत जवळ तीच होती. तिच्याच प्लॅटफॉर्मवर पुढची ९-३ येणार होती. वर उघडणारे दरवाजे आणि छपराचे पंख बाजूला ठेवा, मागचा धुरा बघा. पुढची चाकं १.६ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनावर, २०० अश्वशक्ती; मागची २५ किलोवॉटच्या विजेच्या मोटारीवर. पुढून मागे जाणारा प्रॉपेलर शाफ्टच नाही. चारही चाकांना ताकद मिळते, वर ब्रेक लावताना ऊर्जा परत बॅटरीत.

मर्यादा उघड आहे: बॅटरी रिकामी झाली की मागची चाकं नुसती ओढली जातात, म्हणून लांब बर्फाळ चढावर बॅटरीत थोडा साठा राखून ठेवणारं नियंत्रण लागतं. हे सुटण्यासारखं काम होतं. पण पुरवठादारांची देणी थकल्याने एप्रिल २०११ मध्येच कारखाना थांबला, आणि जिनिव्हात फिनिक्स दाखवून तेव्हा जेमतेम महिना झाला होता.