मधुमेही गरोदरपण: मुलगा-मुलगीने किती फरक पडतो?
"पोटात मुलगा असेल तर धोका जास्त" असं म्हणतात ते खरं, पण साखर किती ताब्यात आहे हे त्याहून कितीतरी महत्त्वाचं. अँड्रोजेनमुळे (पुरुषी संप्रेरकांमुळे) मुलग्यांच्या फुप्फुसात सर्फॅक्टंट, म्हणजे फुप्फुसं उघडी ठेवणारा पातळ थर, जरा उशिराच तयार होतं. त्यात आईची साखर चढलेली असली की बाळाचं स्वतःचं इन्सुलिन वाढतं आणि तेही सर्फॅक्टंट अडवतं. म्हणून ३७ आठवड्यांआधी झालेल्या मुलग्याला धाप लागण्याची भीती अधिक.

नाळ कापली की आईकडची साखर बंद, बाळाचं इन्सुलिन मात्र चालूच, म्हणून बाळाची साखर घसरू शकते. पहिल्या तासात अंगावर पाजा, पाजल्यावर अर्ध्या तासाने बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन साखर बघायला सांगा, मग १२ तास दर पाजण्याआधी. मुलगी असली तरी हेच. सोनोग्राफीत लिंग मात्र विचारू नका. १९९४च्या कायद्याने ते सांगणं गुन्हा आहे, शिवाय उपचार काही बदलत नाहीत.