अनुभव धागा : सोसायटीतील सदनिका भाड्याने देताना आणि सोसायटी चालवताना

गृहनिर्माण संस्थेतील सदनिका भाड्याने देणे हा कागदोपत्री मालक आणि भाडेकरू या दोघांमधला व्यवहार असला, तरी त्याचे बरेवाईट परिणाम जिन्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत साऱ्या इमारतीला अनुभवावे लागतात. म्हणूनच भाड्याने देणारे, भाड्याने राहणारे आणि समितीत बसून दोघांच्याही तक्रारी ऐकणारे अशा सर्वांना येथे लिहिण्याचे निमंत्रण आहे. नेमके काय घडले, कोणत्या नियमाचा उपयोग झाला आणि कुठे नियम असूनही काही चालले नाही, हे सविस्तर लिहावे. संस्थेचे व व्यक्तींचे नाव मात्र कृपया घेऊ नये.

सदनिकाधारक, ठाणे (सध्या मुक्काम नाशिक)

नोकरीनिमित्त नाशिकला यावे लागल्यानंतर ठाण्याची सदनिका भाड्याने दिली आणि पुढच्याच देयकात ‘बिनभोगवटा शुल्क २,००० रुपये’ (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे शुल्क) अशी ओळ आली. विचारणा केल्यावर, ‘सर्वसाधारण सभेत ठराव झाला आहे, सगळ्यांना सारखेच आहे’ असे उत्तर मिळाले. प्रत्यक्षात राज्य शासनाने सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ अन्वये १ ऑगस्ट २००१ रोजी काढलेल्या आदेशानुसार हे शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, आणि या टक्केवारीत महापालिकेचे कर धरायचे नसतात. सभेने एकमताने ठराव केला, तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही.

हे पत्राने कळवल्यावर समितीने दोन हजार रुपये रद्द केले खरे, पण त्याऐवजी एकूण देयकाचे दहा टक्के लावले. माझे मासिक देयक ४,६०० रुपयांचे होते. त्यात मालमत्ता कर १,४००, पाणी ५००, दुरुस्ती निधी ६००, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीची राखीव रक्कम) २०० आणि उरलेले १,९०० रुपये सेवाशुल्क, म्हणजे पहारेकरी व सफाई कामगारांचे पगार, जिन्यातील वीज, लेखापालाचे मानधन वगैरे. दहा टक्के यातील शेवटच्या रकमेवर, म्हणजे १९० रुपये, लागायला हवे होते, लावले ४६०. खजिनदार गृहस्थ प्रामाणिक आहेत, पैशांत त्यांचा काही स्वार्थ नव्हता. पण ‘भाडे खाता, मग संस्थेला थोडे द्यायला काय हरकत आहे?’ ही भावना त्यांच्या मनात इतकी पक्की होती की नियम वाचून दाखवल्यावरही ते मलाच कंजूष समजत राहिले. सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे लेखी तक्रार गेल्यावर समितीने जादा रक्कम पुढच्या देयकांतून वळती करून दिली.

ज्यांच्या देयकात अशी ओळ आहे, त्यांनी आधी देयकाची फोड मागावी. एकच ठोक आकडा छापणाऱ्या संस्थेत दहा टक्के कशाचे, हा प्रश्नच उभा राहत नाही, आणि गैरसमजाची सुरुवात तिथूनच होते.

माजी सचिव, डोंबिवली

ठाणेकरांचे गणित बरोबर आहे, परंतु समितीच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या इमारतीत एक तृतीयांशाहून अधिक सदनिका भाड्याने गेलेल्या आहेत, आणि दूर राहणारा मालक संस्थेला जे खरोखर देत नाही ती रक्कम नसून वेळ आहे. त्याची भरपाई कोणत्याही शुल्कातून होत नाही. जो राहतो त्याला मत नाही आणि ज्याला मत आहे तो राहत नाही, अशी ही रचना आहे. पंप जळाला तर त्रास भाडेकरूला, आणि नवा पंप घ्यावा की नाही याचा निर्णय मात्र पुण्यात किंवा अमेरिकेत बसलेल्या सदस्याचा.

सर्वसाधारण सभेची गणपूर्ती, म्हणजे सभा चालण्यासाठी लागणारी किमान उपस्थिती, एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांपैकी जी संख्या कमी असेल ती, अशी आदर्श उपविधींत, म्हणजे सहकार खात्याच्या नमुना नियमावलीत, आहे. आमच्याकडे दरवर्षी सभा तहकूब होई आणि अर्ध्या तासाने, गणपूर्तीची गरज न उरता, त्याच सात-आठ चेहऱ्यांसमोर पुन्हा सुरू होई. इतर विषयांना हे चालून जाते. पुनर्विकासाला चालत नाही, कारण तिथे २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे एकूण सदस्यांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. गृहनिर्माण संस्थेच्या सभेत मुखत्याराला किंवा प्रतिनिधीला बसता येत नाही, हे अनेक मालकांना सभेच्या दारात कळते. आम्ही बाहेरगावच्या मालकांना जवळच्या नातेवाइकाला सहयोगी सदस्य करून घेण्याचा आग्रह धरला; मूळ सदस्याच्या लेखी संमतीने असा सहयोगी सदस्य त्याच्या गैरहजेरीत मतदान करू शकतो. काहींनी मुलाला, एकाने सुनेला सहयोगी सदस्य केले, आणि ती सून आता समितीत उत्तम काम करते आहे.

ना-हरकत दाखल्याबद्दलही लिहितो, कारण आमच्याच समितीतले दोघेजण हे शेवटपर्यंत मानायला तयार नव्हते. २०१४ च्या आदर्श उपविधींनुसार सदस्याने भाड्याने देण्याआधी संस्थेला कळवायचे असते आणि कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची असते. परवानगी मागायची नसते. परवानगीचा अधिकार आपल्याकडे आहे असे समजणारी समिती मग हळूहळू भाडेकरूची जात, आहार आणि लग्न यांची चौकशी करू लागते.

भाडेकरू, पुणे

सचिवसाहेबांच्या शेवटच्या वाक्याचा मी प्रत्यक्ष पुरावा आहे. करार नोंदणीकृत, घरमालकीण अतिशय सज्जन, तरीही सामान आणण्याच्या आदल्या संध्याकाळी मला ‘परिचयासाठी’ कार्यालयात बोलावण्यात आले. टेबलाभोवती चौघेजण, समोर चहा, आणि प्रश्न असे : एकट्याच राहणार का, ऑफिसची वेळ काय, रात्री परत येताना कोण सोडते, घरी मांसाहार होतो का. मी शांतपणे उत्तरे दिली, कारण ट्रक ठरलेला होता. नंतर घरमालकिणीने समितीला पत्र लिहून, यापुढे जे विचारायचे ते मला विचारावे, असे कळवले आणि त्या पत्राची पोच घेतली. प्रश्न तेव्हापासून थांबले, निदान माझ्या तोंडावर.

याशिवाय सामान चढवण्या-उतरवण्याचे म्हणून लिफ्टचे वेगळे पैसे घेतले गेले. इमारतीतच राहणाऱ्या एका सदस्याने त्याच आठवड्यात नवे फर्निचर आणले; त्यांच्याकडून काही घेतले नाही.

सहमालक, कोथरूड

पुण्यातील वाचकांनी एक भेद लक्षात घ्यावा. आमची इमारत सहकारी संस्था नाही. ती १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियमाखालील अपार्टमेंट आहे, आणि त्यामुळे वर आलेला दहा टक्क्यांचा आदेश किंवा सहकार खात्याचे आदर्श उपविधी आमच्याकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. आमचा आधार म्हणजे इमारत या कायद्याखाली आणताना नोंदवलेले घोषणापत्र आणि त्याला जोडलेले उपविधी. सहकारी संस्थेत सदनिका लहान असो वा मोठी, सदस्याला मत एकच. आमच्याकडे जमिनीतील व सामाईक भागातील अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीवर मताचे वजन आणि खर्चाचा वाटा दोन्ही ठरतात.

याचा भाड्याशी संबंध असा, की आमच्या इमारतीत एकाच कुटुंबाने पाच सदनिका घेऊन सर्व भाड्याने दिल्या आहेत. बाहेरून रंग द्यायचा, सौर यंत्रणा बसवायची, असा कोणताही खर्चिक विषय निघाला की त्यांच्या हिश्श्याचे वजन विरोधात पडते, कारण भाडे रंगाने वाढत नाही. त्यांच्या दृष्टीने हिशेब चोख आहे. इथे राहणाऱ्यांना मात्र गळती सोसावी लागते. भाड्याच्या उत्पन्नासाठी जुन्या अपार्टमेंटमध्ये गुंतवणूक करणाऱ्याने घोषणापत्रातील टक्केवारीचा तक्ता खरेदीपूर्वी पाहावा. दलाल तो कधीही दाखवत नाही.

सदनिकाधारक, गोरेगाव

नोंदणीचा मुद्दा कोणी विस्ताराने मांडलेला नाही, म्हणून लिहितो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, व ती जबाबदारी मालकाची आहे. अकरा महिन्यांच्या करारात महिना २५,००० भाडे आणि १ लाख अनामत असेल, तर पाव टक्का दराने मुद्रांक शुल्क सातशे रुपयांच्या आसपास होते व महापालिका क्षेत्रात नोंदणी फी १,००० रुपये पडते. एवढ्यासाठी नोटरीच्या कागदावर काम भागवणारे लोक पाहिले की आश्चर्य वाटते.

माझ्या भाडेकरूने मुदत संपल्यावर जागा सोडण्यास टाळाटाळ केली, तेव्हा नोंदणीकृत कराराचाच उपयोग झाला. दिवाणी दाव्याऐवजी त्याच अधिनियमाच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता आला. मुदतीनंतर बसून राहणाऱ्याकडून ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते, हे नोटिशीत वाचल्यावर त्याने सुनावणीपूर्वीच किल्ली दिली. सोसायटीने या काळात त्याचे पाणी तोडण्याची तयारी दर्शवली होती. मी लेखी नकार दिला. असल्या मदतीने आपणच गोत्यात येतो.

सदनिकाधारक, सिंगापूर

येथील सरकारी एचडीबी (गृहनिर्माण व विकास मंडळाच्या) सदनिकेचे नियम भारतातून आलेल्यांना कडक वाटतात. किमान पाच वर्षे स्वतः राहिल्याशिवाय पूर्ण घर भाड्याने देता येत नाही, सहा महिन्यांपेक्षा कमी मुदतीचा करार चालत नाही, आणि परवानगी शेजाऱ्यांच्या समितीकडून नव्हे तर थेट मंडळाकडून ऑनलाइन घ्यावी लागते. त्यामुळे भाडेकरूचा आहार हा कोणाच्या चर्चेचा विषय होत नाही. मात्र परदेशी भाडेकरूंसाठी सरकारचाच कोटा असतो, हेही खरे. माझी दुसरी सदनिका पुण्यात आहे. अनिवासी मालकाला भाडे देताना भाडेकरूने प्राप्तिकर कापून भरायचा असतो, आणि ही कटकट नको म्हणून चांगले भाडेकरू परत गेलेले आहेत.

रहिवासी, पर्वरी, गोवा

आमच्याकडे प्रश्न वर्षाच्या भाड्याचा नसून रात्रीच्या भाड्याचा आहे. वरच्या मजल्यावरील दोन सदनिका पर्यटकांना दिवसांवर दिल्या जातात. गोव्यात असा व्यवसाय १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदवावा लागतो. समितीने मालकांकडे एवढेच विचारले की नोंदणी आहे का. एकाने दाखवली. दुसऱ्याने दाखवली नाही, पण त्यानंतर त्याच्याकडे पाहुणे येणे बंद झाले. दर शनिवारी पहाटे तीन वाजता लिफ्टमध्ये घासत जाणाऱ्या बॅगांचा आवाज निम्म्यावर आला, हीच आमची कमाई.

माजी सचिव, डोंबिवली

पुण्याच्या ताईंना उत्तर. समितीची मुलाखत उपविधींत कुठेही नाही, आणि तुमच्या घरमालकिणीने पोच घेतली हे फार योग्य केले. भाडेकरूंना मत देता येत नाही, तरी त्यांचे ऐकण्यास कायद्याची आडकाठी नाही. आमच्याकडे पाणी, लिफ्ट आणि कचरा यांच्या सूचना पूर्वी फक्त सदस्यांच्या व्हॉट्सॲप गटावर जात. परिणामी टाकी धुण्याची बातमी न्यू जर्सीत पोचे आणि दुसऱ्या मजल्यावर पोचत नसे. आता राहणाऱ्यांचा स्वतंत्र गट आहे, त्यात भाडेकरू आहेत, आणि पाणी व सफाईच्या उपसमितीत त्यांच्यापैकी दोघांना बोलावले जाते. पंप बिघडण्याआधी तो वेगळा आवाज करतो, हे पहिल्यांदा त्यांच्यातल्याच एकाने कळवले. हिशेब आणि ठराव मात्र सदस्यांच्याच सभेत होतात.