मदत हवी आहे : अलॉय काढून स्टील रिम बसवाव्यात का?

गेल्या आठवड्यात नवले पुलाकडून वारज्याकडे येताना पाण्याने भरलेल्या खड्ड्यात डावे पुढचे चाक आदळले, आणि तेव्हापासून त्यातली हवा रोज सकाळी उतरलेली असते. टायर पंक्चर नाही, असे पंक्चरवाल्याने सांगितले. पुण्याच्या रस्त्यांवर अलॉय (अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या रिम) नकोच, या निष्कर्षाला मी आलो आहे. चारही काढून स्टील रिम बसवाव्यात की नाही, एवढेच कृपया सांगावे. शनिवारी कोल्हापूरला जायचे आहे.

कोथरूडकर : टायरवर छापलेला आकडा कोणता आणि अलॉय मूळ कंपनीची आहेत की नंतर बसवलेली, हे आपण लिहिलेलेच नाही. त्याशिवाय ‘एवढेच’ कसे सांगणार?

पेठेतला : रिमला तडा गेला असेल तर नाना पेठेत चौकशी करून आर्गन वेल्डिंग करून घ्यावे. माझी रिम तशीच जोडलेली असून दोन वर्षे उत्तम चालली आहे.

जुना फोरमन : हा सल्ला कृपया मानू नये. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमला बहुधा उष्णतेची प्रक्रिया करून बळकटी दिलेली असते आणि वेल्डिंगच्या आचेने जोडाजवळचा भाग पुन्हा मऊ पडतो. आपल्या टेकडीवरच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेत रिमची आघात व थकवा (वारंवार भार देऊन) चाचणी होते, ती कारखान्यातून आलेल्या रिमची. जोडलेल्या रिमची चाचणी आपणच रस्त्यावर घेत असतो. स्टील वाकते आणि बहुतेकदा ठोकून सरळ करता येते, हा त्याचा खरा फायदा आहे.

पेठेतला : दोन वर्षांचा अनुभव खोटा ठरवायला पुस्तकी ज्ञान पुरत नाही.

हवापाणी : सर्वांनी नायट्रोजन भरावा. दाब स्थिर राहतो.

कोथरूडकर : साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि गळक्या रिममधून दोन्ही सारखेच गळतात.

धागाकर्ता : अलॉय कंपनीचीच आहेत, १८५/६५ आर १५. स्टेपनी स्टीलची, १६५/८० आर १४. याने काय फरक पडतो, हे मला समजलेले नाही.

जुना फोरमन : इथेच सगळा फरक आहे. आपल्या टायरची भिंत १८५ मिमी रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिमी उंच आहे. स्टेपनीची १६५ च्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिमी. दोन्ही चाकांचा एकूण व्यास जवळजवळ सारखाच, परंतु १४ इंची रिमच्या (आर १४) चाकात धक्का झेलायला १२ मिमी रबर जास्त मिळते. म्हणजे आपल्याला जो दिलासा हवा आहे, त्यातला बराच वाटा धातूचा नसून टायरच्या उंचीचा आहे. १५ इंची स्टील घेऊन हेच टायर ठेवले, तर रिम तडकण्याऐवजी वाकेल, इतकेच. चारही चाके १४ ची करायची असतील तर टायरही नवे लागतील. रिम ब्रेकला घासत नाही ना, हे पाहावे लागेल आणि नट स्टील रिमच्या बैठकीला जुळणारेच घ्यावे लागतील. त्याआधी चाक काढून रिमच्या आतल्या काठाला आणि व्हॉल्व्हच्या बुडाशी साबणाचे पाणी लावा. व्हॉल्व्हच गळत असेल तर खर्च किरकोळ आहे.

धागाकर्ता : साबण लावला. व्हॉल्व्ह ठीक आहे; आतल्या काठावर बोटभर तडा असून तिथे फेस येतो. तशीच एक नवी अलॉय मागवली आहे, ती सोमवारी मिळेल. स्टेपनीवर ताशी ८० किमीची मर्यादा छापलेली आहे, म्हणून कोल्हापूरला एसटीने जात आहे.

पेठेतला : शनिवारपर्यंत वेल्डिंग झाले असते.